मांडीवर आलेलं परकं मूल

बसमध्ये बसायला जागा मिळाली की माझ्या बायकोचा, सरोजचा, पहिला उद्योग ठरलेला. समोर उभ्या असलेल्या बाईच्या हातात काय आहे ते ती बघते आणि मागून घेते. तेही गोड बोलून नाही, हात पुढे करून, जरा दरडावूनच. "लाओ इधर." समोरची तेलुगू असली तर "इटिव्वु," आणि मराठी निघाली तर "आण इकडे, पडशील." मग ती पिशवी असो, डबा असो, एक्सरेचं मोठं पाकीट असो नाहीतर मूल असो. कुठं उतरणार, कुठल्या तुम्ही, असल्या चौकशा नाहीत. आलेली वस्तू मांडीवर ठेवायची, वर हात ठेवायचा आणि खिडकीबाहेर बघत बसायचं. बाईचा स्टॉप आला की ती आपलं सामान उचलते आणि चालू लागते. पुष्कळ जणी तोंडातून शब्दही काढत नाहीत आणि सरोजला त्याचं काही वाटतही नाही.

हैदराबादच्या बसमध्ये ही रीत जुनीच आहे. बसलेल्याने उभ्याचं ओझं घ्यायचं. पण बाकीचे लोक कुणी विनवलं तर घेतात, किंवा समोरची पिशवी नाकाला घासायला लागली की नाइलाजाने घेतात. सरोज वाट बघत नाही. आजवर तिच्या मांडीवरून भिंतीवरची घड्याळं गेली आहेत, बतुकम्माच्या सणात पिवळ्या फुलांचे भारे गेले आहेत, एकदा पाय बांधलेली जिवंत कोंबडी गेली. एका लग्नाला निघालो असताना कुणाच्या तरी डब्यातलं सांबार तिच्या नारायणपेठ साडीवर सांडलं. लग्नघरी पोचेपर्यंत ती त्या झाकणाला शिव्या घालत होती. डबेवालीला एक शब्द बोलली नाही. येताना पुन्हा मांडीवर कुणाचं तरी दप्तर.

यावरून कुणाला वाटेल की सरोज म्हणजे मायेचा सागर. आमच्या नातेवाइकांना विचारा. भाजीवाला तिला बघून काटा सरळ करतो आणि आमच्या सोसायटीचा सेक्रेटरी जिना बदलतो. तिने सरकारी ऑफिसात आयुष्य काढलं, कुकटपल्लीहून नामपल्लीला रोज उभ्याने जाऊन. पराग, आमचा मुलगा, म्हणतो की आई प्रेमसुद्धा ऑर्डर काढल्यासारखं करते. खरं आहे ते.

माझं म्हणाल तर माझा या उद्योगाला पहिल्यापासून विरोध. आमच्या घरात तीन पिढ्यांची वकिली. आजोबा निजामाच्या अमदानीत उर्दूतून खटले चालवायचे, वडील इंग्रजीतून, मी जमेल त्या भाषेतून. परक्याची वस्तू हातात घेऊ नये आणि घेतलीच तर चार माणसांदेखत घ्यावी, हे मला मुंजीच्या आधी शिकवलेलं. "साहेब, हे सामान माझं नाही, एकाने धरायला दिलं होतं," असं रडत सांगणारे किती आरोपी मी बघितले आहेत! हे मी सरोजला लग्नानंतर लगेच सांगितलं आणि पुढेही सांगत आलो. तिचं उत्तर एकच. "तुम्ही फसलेलेच बघणार. ज्यांचं ज्यांना परत मिळालं ते कशाला कोर्टात येतील?"



इकडे बायकांना बस फुकट झाली आणि सरोजच्या कामाला जोर आला. पूर्वी बसमध्ये दहा बायका उभ्या असायच्या, आता चाळीस असतात. आम्ही बसमध्ये चढलो की आमची फाटाफूट होते. ती पुढच्या दाराने बायकांत, मी मागच्या दाराने पुरुषांत. ती आधार कार्ड दाखवते, मी तिकीट काढतो. मधे एवढी गर्दी असते की मला तिचा फार तर अंबाडा दिसतो.

गेल्या उन्हाळ्यातली गोष्ट. आम्ही दोघं अफझलगंजला निघालो होतो. महिन्यातून एखादी चक्कर होते. मला तिथल्या लायब्ररीत बसायचं असतं आणि तिला बाजारातून मसाल्याचं सामान आणायचं असतं. बस नवी होती, विजेवरची, आपोआप दारं लागणारी. एर्रागड्ड्याच्या भाजीबाजाराशी गर्दी घुसली. तिच्यात एक तरुण बाई होती. खांद्याला कापडी पिशवी, कडेवर वर्ष-दीड वर्षाची मुलगी. मला मागून यातलं काही दिसलं नाही, सगळं नंतर कळलं. सरोजने हात पुढे केले, बाईने मुलगी दिली, मुलगी सरोजच्या खांद्यावर डोकं टाकून झोपली. आई रेट्याबरोबर सरकत सरकत दाराशी गेली. एक हात वरच्या दांडीला, एका हाताने पिशवी छातीशी. मूल मात्र सरोजच्या मांडीवर निवांत होतं.

अमीरपेटला अर्धी बस उतरते. अशा वेळी दारात उभ्या असलेल्यांनी काय करायचं असतं ते इथल्या लहान लेकरालाही ठाऊक आहे. आधी आपण खाली उतरायचं, उतरणाऱ्यांना वाट द्यायची आणि मग परत चढायचं. त्या बाईने तेच केलं. शहाण्या माणसासारखी खाली उतरून बाजूला उभी राहिली. पण उतरणारे संपायच्या आत चढणाऱ्यांचा लोंढा आला, तिला मागे ढकलून चढला, आणि दार लागलं. तिने दारावर थापा मारल्या असणारच. पण बस चुकलेल्या बायका दारावर रोजच थापा मारतात. आतल्या कुणी मान वळवली नाही.

पंजागुट्ट्याच्या स्टॉपवर सरोजने वर बघितलं तर समोरचे चेहरे बदललेले. तिने मान उंच करून शोधलं, हाका मारल्या, आजूबाजूच्या बायकांना विचारलं. आई नाही. कंडक्टर बाई होती. ती म्हणाली, "शेवटपर्यंत चला अम्मा, तिथं ऑफिस आहे, तिथं देऊ." सल्ला वाईट नव्हता. पण सरोज उठली. "माँ पीछे से आई तो बोलो, पंजागुट्टा के स्टॉप पे बैठी हूँ. हिलती नहीं मैं," असं तिला बजावून ती मुलीला घेऊन खाली उतरली.

मी खिडकीतून बघतो तर आमची बायको फूटपाथवर आणि खांद्यावर लेकरू! मी ओरडलो, चार जणांचे पाय तुडवले, त्यांच्या शिव्या खाल्ल्या आणि दार लागता लागता बाहेर पडलो.

"हे कुणाचं?" मी विचारलं.

"माहीत नाही."

"माहीत नाही म्हणजे? मग उतरलीस कशाला?"

"हिची आई अमीरपेटला राहिली. मी बसमध्ये बसून पुढं पुढं गेले तर ती लांब लांबच राहणार ना? ती रस्त्याने येईल. इथंच येईल."

मी म्हटलं, पोलीस ठाण्यात चल. ती म्हणाली, ठाणं आतल्या बाजूला आहे, पोरीची आई ठाण्यात बघेल की स्टॉपवर? मी म्हटलं, मग परत अमीरपेटला जाऊ. ती म्हणाली, आपण तिकडं निघालो आणि ती इकडं निघाली तर? प्रत्येक प्रश्नाला तिच्याकडे प्रश्न तयार होता. साक्षीदार म्हणून असली बाई कुठल्याही वकिलाला नकोशी वाटेल.

स्टॉपच्या पत्र्याच्या सावलीत एका कडेला ती बसली. मी उभा राहिलो. अमीरपेटकडून येणारी प्रत्येक बस आम्ही बघत होतो, प्रत्येक रिक्षा बघत होतो. डोक्यावर फ्लायओव्हर. तिच्या हिशेबात एक गोष्ट राहून गेली होती, माझ्याही. ती बाई बसमागे रिक्षाने सुटली असेल तर रिक्षावाला खालून कशाला येईल? तो वरून निघून जाईल. तसंच झालं होतं. आम्ही खाली वाट बघत होतो आणि आई आमच्या डोक्यावरून पुढे गेली होती.

शेजारी एक फळवाली छत्री उभारून बसली होती. थोड्या वेळाने तिने विचारलं, "एवरि पापा?" कुणाची पोर?

"तेल्वदु," सरोज म्हणाली. माहीत नाही.

त्या बाईने सरोजला वरपासून खालपर्यंत बघितलं. मग ती पलीकडच्या बाईशी कुजबुजली. तिने आणखी कुणाला सांगितलं. बघता बघता आमच्याभोवती माणसं जमली. लेकरं पळवणाऱ्या टोळ्यांचे मेसेज त्या दिवसांत सगळ्यांच्याच मोबाइलवर फिरत होते, आमच्या सोसायटीच्या ग्रुपवरही होते. मी खाली वाकून सरोजला हळूच म्हटलं, "नात आहे म्हणून सांग ना."

"आणि आई आल्यावर काय सांगू?"

तेवढ्यात पोर जागी झाली. तिने सरोजचं तोंड बघितलं आणि भोकाड पसरलं. "अम्मा, अम्मा" करत ती मागे रेलायला लागली, हातपाय झाडायला लागली. अनोळखी म्हातारीच्या हातात आईसाठी ओरडणारं मूल. याहून वाईट पुरावा दुसरा नसेल. एकाने बिस्किटाचा पुडा पुढे केला, फळवालीने केळं सोललं. सरोजने दोन्ही परत केलं. "तिच्या आईला विचारल्याशिवाय काही द्यायचं नाही. काय सोसतं काय नाही, मेरेकू क्या मालूम?" ती पोरीला खांद्यावर घेऊन थोपटत तिथल्या तिथे फेऱ्या मारायला लागली. जरा लांब गेली की लोकही तिच्याबरोबर सरकायचे, ती पळून जाईल म्हणून.

एका तरण्या पोराने मोबाइल काढला आणि व्हिडिओ घ्यायला सुरुवात केली. माझं डोकं फिरलं. मी त्याला कलमं ऐकवली, बदनामीची, खाजगीपणाची, आठवली ती सगळी. गर्दीला माझा राग आला. "कायकू चिल्लारे चचा? चोरी नहीं तो डर कायकू?" कुणीतरी माझ्या खांद्याला धक्का दिला. चाळीस वर्षांची वकिली त्या फूटपाथवर केराच्या टोपलीत गेली.

सरोज मात्र त्या पोरासमोर जाऊन उभी राहिली. "निकालो. अच्छा निकालो. मेरा मुँह आना, बच्ची का मुँह आना. पंजागुट्टा स्टॉप बोलो जोर से. भेजो सबकू. इसकी माँ तक पहुँचना." पोराने मोबाइल खाली केला. काय करावं हे त्याला कळेना. मग त्याने खरंच पुन्हा वर धरला आणि स्टॉपचं नाव सांगितलं. सूर मात्र बदलला होता.

गर्दी बघून चौकातला ट्रॅफिक पोलीस आला. त्याने दोन्ही बाजू ऐकल्या आणि पोरीसाठी हात पुढे केले. "बच्ची मेरेकू दो अम्मा, स्टेशन में देता."

सरोजने दिली नाही. "मला पण घेऊन चला साब, काही हरकत नाही. पण इथं कुणाला तरी उभं करा. माँ आई, और इधर कोई नहीं दिखा, तो वो मर जाएगी."

उभं कुणाला करणार? तो एकटाच होता. मी म्हटलं, मी थांबतो. तो माझ्याकडे बघून म्हणाला, "आपकू वो पहचानेगी क्या?" बरोबर होतं. त्या बाईने मला कधी बघितलंच नव्हतं. त्याने वायरलेसवर ठाण्याला कळवलं, अंगावरचा धूळ भरलेला पट्टा सरळ केला आणि स्वतःच आमच्या शेजारी उभा राहिला. चौकातली वाहनं काही वेळ आपापल्या अकलेने गेली.

वाट बघणं म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं. पोर रडून रडून हुंदके द्यायला लागली होती. तिच्या गालावरचा काजळाचा ठिपका पुसून सरोजच्या ब्लाउजला लागला होता. सरोज खाली बसली. तिचे गुडघे दुखायला लागले की ती अशी बसते. मग ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "अहो, मी चुकले का? बसमध्येच थांबायला पाहिजे होतं का?"

इतक्या वर्षांच्या संसारात हा प्रश्न तिने मला कधी विचारला नव्हता. मी त्याची वाट बघण्यात उमेदीची वर्षं घालवली, आणि आला तेव्हा मला तो नको होता.  खरं सांगायचं तर ती चुकली की बरोबर, हे मला त्या क्षणी माहीत नव्हतं. मी म्हटलं, "चुकली नाहीस. बस इथंच." आणि तिच्या शेजारी जाऊन बसलो.

ती आई आली ती उलट्या बाजूने. फ्लायओव्हरवरून तिने बस गाठली होती लकडीकापूलला. कंडक्टरने निरोप सांगितला होता. पण तिने काय ऐकलं असेल? एक म्हातारी तुझी मुलगी घेऊन मधेच उतरली. तिथून इथपर्यंतचा रस्ता तिने कसा काढला असेल, ते तिचं तिला ठाऊक. रिक्षा थांबायच्या आत तिने उडी मारली. एका पायात चप्पल, एक पाय अनवाणी. "ना बिड्डा!" माझं लेकरू! असा आवाज आला आणि गर्दी फाटली.

तिने पोर ओढून घेतली. ओढूनच घेतली. सरोजच्या हातावर नखांचे ओरखडे उठले. पोरगी आईच्या गळ्याला जी चिकटली ती बघून पोलिसाने काही विचारायचं असेल तेही विचारलं नाही. आईच्या तोंडून तेलुगूत काय काय बाहेर पडत होतं ते सगळं मी इथे लिहीत नाही. मग ती खाली बसली आणि तिने सगळ्यांदेखत मुलगी तपासायला घेतली. आधी पायातले वाळे, दोन्ही. मग कान. मग गळा. झबलं वर करून पोट बघितलं, पाठ बघितली, तोंड उघडून आत बोट घालून बघितलं.

मला ते सहन होईना. तपासत होती ती मुलीला, पण सगळ्यांसमोर झडती चालली होती ती माझ्या बायकोची. मी पुढे झालो तर सरोजने माझ्या सदऱ्याला धरून मागे ओढलं.

"बघू दे तिला. मीही बघितलं असतं."

सगळं बघून झालं. वाळे होते, कान धड होते, पोर अख्खी होती. गर्दीतला रस संपला. व्हिडिओवाला कधी गेला ते कळलंही नाही. पोलिसाने आईला चार शब्द सुनावले, लेकरू असं कुणाच्याही हातात देतात का म्हणून, आणि तो चौकाकडे गेला. रिक्षावाला मात्र पैशांचं नाव न काढता हँडलला टेकून उभा होता.

आणि मग त्या बाईचे हात कापायला लागले. तोपर्यंत ती बरी होती. धोका टळल्यावर माणसाला कापरं भरतं, ते मी कोर्टात सुटका झालेल्यांचं बघितलेलं आहे. फळवालीने पाण्याची बाटली पुढे केली. तिला ती धरता येईना. एका हातात पोर, दुसरा हात थरथरतोय, बाटली पडली आणि पाणी फूटपाथवर वाहिलं. फळवालीने दुसरी आणली आणि "पापाला मी घेते" म्हणून हात पसरले. रिक्षावाल्यानेही पसरले. मीसुद्धा, का कोण जाणे, पुढे झालो.

सरोज बसल्या जागी बसून होती. तिने हात पुढे केले नव्हते. पदराखाली दोन्ही हात तिने मांडीशी आवळून धरले होते, जसं काही कुणी ते तोडून नेणार आहे. बसलेली सरोज आणि हात आवरलेले, असं दृश्य मी जन्मात पहिल्यांदा बघत होतो.

त्या बाईने फळवालीकडे बघितलं, रिक्षावाल्याकडे बघितलं, माझ्याकडे तर नुसती नजर टाकली. मग ती गुडघ्यांवरच सरकत सरोजपाशी आली आणि तिने मुलगी उचलून सरोजच्या मांडीवर ठेवली. पोरगी कुरकुरली, पण आई समोरच दिसत होती म्हणून गप्प राहिली. सरोजने पदराखालचे हात बाहेर काढले. तिच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि ते पुसायला तिला आता हात मोकळा नव्हता.

आई तिथंच तिच्यासमोर फतकल मारून बसली आणि दोन्ही हातांनी बाटली धरून घटाघटा पाणी प्यायली.